खंडेनवमीचं पाणी

माझा भाऊ माझ्या मालाला राख म्हणतो. कधी लहर आली तर रांगोळी म्हणतो. लग्नाकार्यात कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की "ही आमची बहीण, डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नाय, राख करणारी," असं म्हणून तोच आधी हसतो, आणि मग समोरच्याला हसावं लागतं. हा विनोद मी इतक्या मांडवांत ऐकला आहे की त्याने नुसता घसा खाकरला तरी माझं डोकं सणकतं.

राख म्हणजे जळून उरलेलं. माझा माल वाफेतून जन्माला येतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमच्या वडिलांनी घेतलेला एक गाळा आहे, त्यात माझी भट्टी आहे. भट्टी म्हणते खरी, पण तिच्यात कोळसा नाही, गॅस नाही, ज्योतसुद्धा नाही. पोलादाचं एक पिंप, माणसाच्या छातीइतकं उंच, वर बिजागरीचं जड झाकण. आतली हवा पंपाने उपसून टाकायची आणि नायट्रोजन भरायचा. मग वरच्या टंगस्टनच्या कांडीपासून खाली ठेवलेल्या अॅल्युमिनियमच्या गोळ्यापर्यंत वीज खेळवायची. मधला वायू इतका तापतो की तो साधा वायू राहत नाही, त्यालाच प्लाझ्मा म्हणतात. अॅल्युमिनियम वितळतं, उकळतं, त्याची वाफ होते, ती वाफ नायट्रोजनला धरते आणि पिंपाच्या गार भिंतीकडे पळता पळता एकदम थिजते. कणांना वाढायला वेळच मिळत नाही. ते इतके बारीक राहतात की हजारभर कण शेजारी शेजारी मांडले तरी केसाची जाडी भरत नाही. भिंतीवर करडी-पांढरी लव धरावी तसं जे साचतं, तो माझा माल. अॅल्युमिनियम नायट्राइड. तो वीज अडवतो आणि उष्णता मात्र झटकन वाहून नेतो. असे पदार्थ जगात फार नाहीत. विजेवरच्या गाड्यांमधले तापणारे भाग गार ठेवायला तो लागतो.

एवढं सगळं मी भावाला एकदा बसवून समजावलं होतं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "मग दिवसाला राख किती निघते?"

या मालाला पाणी चालत नाही. दमट हवासुद्धा सोसत नाही, तर पाणी दूरच. पाणी लागलं की नायट्राइड मोडतं, त्याचा बिनकामाचा चिखल होतो आणि अमोनिया सुटतो, म्हणजे सार्वजनिक मुतारीचा वास. आणि हे पाणी मालापासून बोटभर अंतरावर सतत वाहत असतं, कारण पिंपाची भिंत दुहेरी आहे. तिच्या पोटातून गार पाणी फिरवलं नाही तर पोलादच वितळायला लागेल. भिंतीच्या पोटात पाणी, भिंतीच्या अलीकडे भुकटी, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही, यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. भट्टीवर मी पाटी लावली होती. 'आत पाणी नको. झाकण उघडू नये.' मराठीत, लाल रंगात, लांबून दिसेल एवढी.

माझं माहेर आगरी, कोपरीचं, ठाण्यात स्टेशनच्या पूर्वेला. वडील मिठागरावर राबले, आईने मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. मिठागर त्यांचं नव्हतं. त्यांची होती ती कल्याणच्या बाजूला थोडी भातशेती, आणि ती इमारतींखाली गेली तेव्हा आम्ही एकदम जमीनवाले झालो. त्या पैशातून वडिलांनी कोपरीत घर बांधलं आणि डोंबिवलीत गाळा घेतला. मी तेव्हा प्लाझ्मावर पीएचडी करत होते. "गाळा हिच्या कामाला राहील," असं ते चार माणसांत म्हणाले. कुठे लिहून ठेवलं नाही. आमच्याकडे बाप बोलला म्हणजे लिहिलंच, अशी माझी समजूत होती.

ते गेल्यावर भाऊ मला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत घेऊन गेला आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्यात बहिणींनी अशा सह्या करायच्या असतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. आत्याने केली होती, चुलत बहिणींनी केली होती. कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त जी सही करत नाही तिला माहेर उरत नाही. "गाला तुजाच हाय बाय, तुला कोन उठवतंय," असं आई म्हणाली. भावाने मोरपंखी साडी घेतली. रंग चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू.

उठवणारा घरातच होता. पावसाळ्यात एका कुरिअरवाल्याने गोदामासाठी गाळा मागितला आणि भावाने मला कोपरीला बोलावून घेतलं. आई खाली बसून भिजवलेले वाल सोलत होती.

"हे बघ, मी काय वाईट नाय," भाऊ म्हणाला. त्याचं प्रत्येक वाईट बोलणं या वाक्याने सुरू होतं. "पण इतकी वर्षं तुझं सॅम्पलच चाललंय. पार्टी कधी येणार? दिवाळीपर्यंत एक पक्कं गिऱ्हाईक दाखव. दाखवलंस तर गाळा तुझा, मी परत नाव काढणार नाय. नाय दाखवलंस तर भाऊबीज झाली की खाली कर."

"बाबा काय बोलले होते?"

"बोललेले. लिहिलेलं का कुठे?"

मी आईकडे पाहिलं. तिने टरफलांचा ढीग हाताने बाजूला सारला आणि पुढचा वाल उचलला. तिला ऐकू कमी येतं असं नाही.

पक्कं होऊ शकेल असं माझ्याकडे एकच गिऱ्हाईक होतं, पुण्याची एक कंपनी. त्यांना एक पूर्ण लॉट हवा होता, कोरडा, ऑक्सिजन अगदी कमी असलेला. तो दाबून, भाजून, तपासून पास झाला की ऑर्डर. दसरा झाला की माल उचलतो, असं त्यांचा इंजिनियर म्हणाला. सगळं त्या एका लॉटवर येऊन ठेपलं. तो पास झाला तर गाळा माझा, नाहीतर भट्टी भंगारात, कारण भाड्याच्या जागेत एवढी वीज आणि एवढं पाणी देणारा मालक मला मिळणार नव्हता. मी आधीच विचारून आले होते.

नवरात्रभर आम्ही भट्टी चालवली. आम्ही म्हणजे मी आणि माझा कल्याणचा ऑपरेटर. तो दिवसभरात मोजकं बोलतो आणि त्यातलं निम्मं खवचट असतं, म्हणून आमचं जमतं. काळ्या काचेतून आतली वीज पाहिली की मला अजूनही बरं वाटतं. ती डुलते, माझी नजर चुकली की अॅल्युमिनियम सोडून भिंतीकडे जायला बघते, तिला करंटने आणि वायूने धाकात ठेवावं लागतं. माझ्या घरच्यांना मी कधी धाकात ठेवू शकले नाही, ही कसर तिथे भरून निघते. लॉट झकास उतरला. पिंपाच्या सगळ्या भिंतींवर माल सारखा बसला होता.

पण माल तयार झाला म्हणजे लगेच झाकण उघडायचं नसतं. भुकटीत थोडं अॅल्युमिनियम नायट्रोजनशी न जुळताच मागे राहतं, आणि इतक्या बारीक रूपात ते एकदम हवेत आलं तर पेट घेतं. म्हणून पिंप बंद ठेवून कोरडी हवा धाग्याधाग्याने आत सोडायची, कणांना सवय होऊ द्यायची. मग झाकणावर प्लास्टिकचा तंबू बांधून, आत कोरडा वायू ठेवून, माल खरवडायचा. हे सवय लावणं खंडेनवमीच्या सकाळपर्यंत आटपत आलं होतं. माल दसऱ्याच्या सकाळी काढायचा, आणि भट्टीची पूजा त्यानंतर, असं मी ठरवलं होतं. पूजेला माझा विरोध नाही. दरवर्षी कंट्रोल पॅनेलला मी स्वतः हळदकुंकू लावते. ऑपरेटर नवमीला सुट्टीवर होता, आणि मी नाशिकहून एसटीने आलेलं पार्सल सोडवायला ठाण्याला गेले. आमची एक बघायची काच तडकली होती, तिच्या बदल्यात नवी आली होती.

खोपटच्या डेपोत पार्सलची खिडकी बंद. आत पूजा चालू होती. सगळ्या डेपोत धुलाई चालली होती, गाड्यांच्या टपावरून पाणी वाहत होतं, ड्रायव्हर पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चाकं घासत होते, वायपरला झेंडू अडकवत होते. मला एकाने पेढा दिला. मी तो खाल्ला आणि खिडकी उघडायची वाट बघत पाण्यातून पाय वाचवत उभी राहिले. त्या वेळी डोंबिवलीत काय चाललं असेल याची मला काडीइतकी शंका आली नाही.

परतले तेव्हा गाळ्याच्या गल्लीच्या तोंडाशीच वास आला. एमआयडीसीत वासाचं कुणाला काही वाटत नाही, कुठला वास कुठल्या कंपनीचा हे रिक्षावालासुद्धा सांगतो. पण आमच्या गल्लीत अमोनिया वापरणारं कुणी नाही. मी स्कूटर स्टँडवर लावलीसुद्धा नाही, तशीच भिंतीला टेकवली.

शटर वर होतं. दुसरी किल्ली भावाकडे असायची, मालक म्हणून. दारात त्याची पांढरी गाडी हार घालून उभी, आत प्लास्टिकच्या खुर्चीत आई, शेजारी ताट घेऊन वहिनी, आणि कोपऱ्यात नाकाला रुमाल लावलेले दोन अनोळखी तरुण, कुरिअरवाले. जमीन ओली. गाडी धुवायचा प्रेशरचा पंप भट्टीला टेकून ठेवलेला. भट्टीला झेंडूचा जाडजूड हार, हळदकुंकवाची बोटं, समोर नारळ, पेटलेली समई, उदबत्त्या. आणि झाकण उघडं.

मी वाकून आत पाहिलं. भिंती चकचकीत. तळाशी करड्या रंगाचा चिखल, त्यातून बारीक बुडबुडे येत होते. पिंपाला हात लावला तर ते कोमट लागलं.

"कोणी उघडलं?"

"मी," भाऊ म्हणाला. आवाजात अभिमान होता, तेच जास्त लागलं. "पार्टीला गाळा दाखवायला आलेलो. म्हटलं खंडेनवमी आहे, हिची मशीन पण करून टाकू. बाहेरून मस्त धुतली, आत बघतो तर सगळीकडे राख चिकटलेली. आजच्या दिवशी हत्यार मळकं ठेवायचं नसतं. आतून पण धुतली."

त्या चिखलात राहिलेलं अॅल्युमिनियम पाण्याशी भांडत होतं, म्हणजे हायड्रोजन सुटत होता, आणि तो पेट घ्यायला ठिणगी पुरते. हातभरावर समई. हे समजावत बसायची ती वेळ नव्हती. मी खाली वाकले आणि तोंडाने फुंकर मारून समई विझवली. उदबत्त्या उपटून ओल्या फरशीवर दाबल्या. पंखा लावायला बटणाकडे हात नेणाऱ्या वहिनीला म्हटलं, "कुठलंही बटण दाबू नकोस, सगळे आधी बाहेर चला."

कुणी हललं नाही. देवापुढचा दिवा आमच्याकडे फुंकत नाहीत. दिवा शांत करतात, फुलाने, वातीला तेलात ओढून, हात जोडून. तेही नवरात्रात सहसा करत नाहीत. वहिनीने ताट छातीशी धरलं.

"दिवा फुकलास?" आई म्हणाली. "नवरातीचा दिवा?"

"आई, इथे गॅस सुटलाय. तुम्ही सगळे उडाला असता."

"सणाच्या दिवशी असं बोलू नये," वहिनी म्हणाली.

एकेकाला दंडाला धरून मी बाहेर काढलं. आईला खुर्चीसकट. बाहेर रस्त्यावर, हार घातलेल्या गाडीसमोर, आमचं भांडण झालं, आणि समोरच्या कंपनीचा वॉचमन ते उभं राहून बघत होता.

"पाटी वाचता येत नाही तुला?"

"वाचली की," भाऊ म्हणाला. "पाटी कामगारांसाठी असते."

"पाणी चालत नाही याला, पाणी."

"एवढे पाइप लावलेत तूच, पाणी तर आधीपासून फिरतंय त्याच्यात. मी अजून थोडं घातलं तर काय झालं? पूजाच केली ना? का नाग मारला?"

"अख्खा लॉट गेला. पुण्याचा लॉट होता तो."

"मग परत कर. राखच तर आहे."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "मिठागरवाल्याचा पोरगा ना तू? पाऊस येताना दिसला की बाबा जेवणावरून उठून मिठाचे ढीग गवताने झाकायला धावायचे. आणि तू पांढऱ्या मालावर पंप लावून पाणी सोडतोस. बाबा असते तर थोबाडलं असतं तुला."

भाऊ सहसा भडकत नाही, तो दुसऱ्यांना भडकवतो. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा काळवंडला.

"मिठाचं मला सांगू नको," तो म्हणाला. "तुला बाबा खांद्यावर बसवून मिठागर दाखवायचे. मला कधी नेलं? मला सांगायचे, शाळा सुटली की तलाठ्याकडे जा, साहेबाला चहा पाज, सातबाऱ्याचं काय झालं विचारून ये. बारावीत होतो मी. तू डॉक्टर झालीस ती त्या चहावर झालीस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला. चहा पाजला म्हणून माझं झाकण उघडायचा परवाना मिळतो का, असं काहीतरी मी म्हणाले. कुरिअरवाल्यांपैकी एकाने रुमाल जरा बाजूला करून विचारलं, "सर, ये स्मेल परमनंट है क्या?"

"नाय नाय," भाऊ तत्काळ गोड आवाजात म्हणाला, "बाजूच्या कंपनीचा आहे."

दसऱ्याला ऑपरेटर आला, हार घातलेली भट्टी आणि तळातला चिखल पाहून म्हणाला, "पूजा जोरात झालेली दिसते." मी पुण्याला फोन केला. माल भिजला म्हटलं. कसा भिजला, असं इंजिनियरने विचारलं, तेव्हा मी धार्मिक कारणांमुळे असं सांगितलं. त्याने ते शब्द परत उच्चारून पाहिले. मग म्हणाला, दिवाळीच्या आत दुसरा लॉट दिलात तर घेतो, पण मध्ये आमची सुट्टी आहे, टेस्टचा निकाल भाऊबीजेनंतरच मिळेल.

म्हणजे मुदत आधी आणि निकाल नंतर. मी भावाला फोन करून चार दिवस मागितले. लॉट त्याच्याच हाताने गेला होता, तेवढी तरी लाज असेल असं वाटलं.

"दिवाळी म्हणजे दिवाळी," तो म्हणाला. "मी पार्टीला शब्द दिलाय."

"मला दिलेल्या शब्दाचं काय?"

"तो पाळतोय ना. गिऱ्हाईक दाखव, गाळा घे."

मधल्या काळात गाळ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. आमच्या भावकीत एकच विषय होता, मी दिवा फुंकला. आत्याचा फोन आला. "ऐकलं ते खरं का गं? खंडेनवमीला?" मी तिला हायड्रोजन सांगायला लागले तर ती म्हणाली, ते असेल, पण फुलाने नसता का शांत करता आला. चुलत बहिणीने व्हॉट्सअॅपवर देवीसमोर दिवा लावून क्षमा मागायची पद्धत पाठवली. मालाचं सुतक मला एकटीलाच होतं. रोज संध्याकाळी कल्याणला घरी गेले की नवऱ्यावर चिडायचे. तो बिचारा ऐकून घ्यायचा, आणि त्याने ऐकून घेतलं म्हणून मी अजून चिडायचे.

पिंप पुरतं सुकवायलाच फार वेळ गेला. आतून तापवा, हवा उपसा, परत तापवा. पोलादाला पाणी सोडवत नाही, ते कानाकोपऱ्यात धरून बसतं. झाकणाची रबरी कडी बदलली. दुसरा लॉट आम्ही काढला तेव्हा गाळ्याच्या पुढच्या भागात कुरिअरवाल्यांचे लोखंडी रॅक येऊन पडायला लागले होते. भावानेच पाठवले होते, भाडं सुरू व्हायच्या आधी जागा अडवायला. त्या रॅकांच्या मधून वाट काढत मी भट्टीपर्यंत जायची आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. आगरी शिव्यांची बरोबरी प्रमाण मराठीला करता येत नाही. माल मात्र पहिल्यापेक्षा चांगला उतरला. हवाबंद पिशव्यांत भरून मी तो स्वतः पुण्याला पोचवला, कारण आता माझा कुणावर विश्वास उरला नव्हता.

भाऊबीजेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. मग ठरवलं की जायचं. का, ते मला कोपरीचा पूल उतरताना कळलं आणि स्वतःचीच जरा भीती वाटली.

घर भरलेलं होतं. आत्या, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, पोरं. पाटाभोवती रांगोळी. भाऊ नवा कुर्ता घालून, डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, मग ताट घेऊन ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढून ताटाकडे हात केला. मी ताट उंच धरलं.

"पाकीट नको."

"मग काय पाहिजे? बोल," तो मोठ्याने म्हणाला. चार माणसं बघत होती, त्याला दिलदार दिसायची हौस आहे.

"गाळा."

पेटलेलं ताट हातात घेऊन बहिणीने मागितलं तर भाऊ नाही म्हणत नाही, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर शहाण्या बहिणी काही मागत नाहीत. मी प्रेमाने मागत नव्हते. मी त्याला सगळ्या भावकीसमोर कोंडीत पकडत होते, आणि ते फक्त आम्हा दोघांना कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. जमिनीच्या व्यवहाराला दलाल समोर बसला की तो असाच बघतो. मी नजर हलवली नाही. ताटाने माझा हात भरून आला होता.

मग तो हसला. त्याने पाकीट परत खिशात घातलं, किल्ल्यांचा जुडगा काढला, नखाने ओढून ओढून गाळ्याची किल्ली कडीतून सोडवली आणि ताटात ठेवली.

"घे," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बहिणीला नाय म्हणायची आपल्यात रीत नाय. कुरिअरवाल्याचं मी बघून घेईन, नुकसान गेलं खड्ड्यात. नाव माझं राहू दे, पण तू वापर. मी आहे तोवर तुला कोण उठवणार नाय."

आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "असा भाऊ नशीब लागतं मिळायला," ती म्हणाली. वहिनी पदराने डोळे पुसत होती. चुलत भावाच्या पोराने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. जेवणं व्हायच्या आत ते भावकीच्या ग्रुपवर गेलं, हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग लागली. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बग, मी सांगला होता ना तुला कोन उठवतंय." तिला ते मनापासून वाटत होतं.

मी गाळ्यासाठी आले होते आणि गाळा माझ्या ताटात होता, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. ओवाळून झालं की धाकट्या बहिणीने वाकून नमस्कार करायचा असतो. सगळे थांबले होते. मी वाकले. त्याने डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला.

त्या आठवड्यातच पुण्याहून फोन आला. लॉट पास. इंजिनियर खूश होता, ऑर्डर लगेच पाठवतो म्हणाला. ऑपरेटरने ऐकलं आणि काहीही खवचट न बोलता रॅक उचलून बाहेर ठेवायला लागला. भावाच्याच अटीने गाळा मी जिंकला होता. बापाने दिलेला, सहीने सोडलेला, स्वतःच्या मालाने परत कमावलेला. चार दिवस थांबले असते तर मला कुणापुढे वाकावं लागलं नसतं. चार दिवस थांबायला त्याने दिले नसते, हेही तितकंच खरं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगण्यासारखा माणूस एकच होता. मी भावाला फोन लावला आणि पक्कं गिऱ्हाईक मिळालं म्हणून सांगितलं.

"अरे वा," तो म्हणाला. खरंच खूश झाला होता, आवाजावरून कळत होतं. "म्हणजे गाळा दिला ते बरंच झालं ना?"

मी हो म्हणाले.